खरी गोळी कोणाकडे

४ जून
हृदयाच्या नव्या औषधाच्या संशोधनासाठी संभाजीनगरच्या हॉस्पिटलने मला निवडलं. माझं पंपिंग पंचवीस टक्के. सिरसाळ्यातून दुसरा निवडलेला आमच्या गल्लीतला बन्सी, त्याचं वीस. कोणाला खरी गोळी आणि कोणाला तशीच दिसणारी नुसत्या पुडीची, हे कॉम्प्युटर सोडत काढून ठरवणार. डॉक्टरांनाही कळत नाही म्हणे. हसू आलं. मी सरपंच होतो, सोडती कशा निघतात ते मला शिकवू नये.

५ जून
संकल्प: रोज चालणे. मीठ बंद. आमदारांच्या ओळखीच्या पीएला फोन.

२० जून
पीए म्हणाला, काम झालं समजा. छातीत लगेच मोकळं वाटलं. चालणं उद्यापासून.

१८ जुलै
जिना चढताना धाप. पाय सुजलेत. बन्सी मात्र बाजारातून चालत आला. म्हणजे माझी पूड, त्याची खरी. सत्यशीला म्हणाली, आधी खारे शेंगदाणे सोडा. बायकोला राजकारण कळत नाही.

१९ जुलै
बन्सीला बोलावून गोळ्यांची डबी बदलून मागितली. तो म्हणाला, घ्या की अण्णा, तुमच्यामागं लई मानसं हायेत. चहा न पिताच गेला. जरा वाईट वाटलं. पण गावाला माझी गरज आहे.

९ ऑगस्ट
धाप वाढली. म्हणजे खरी माझीच होती आणि मीच ती देऊन बसलो! डबी परत मागवली. बन्सीने लगेच आणून दिली. तोही आता दोन शब्द बोलून दम घ्यायला थांबतो. नाटक असावं.

२ सप्टेंबर
अ‍ॅडमिट. आडवं झालं की जीव घुसमटतो, म्हणून बसून लिहितोय. सत्यशीलाने डॉक्टरांना अदलाबदल सांगून टाकली. ते लई चिडले. आम्हा दोघांना संशोधनातून काढलं आणि कोणाला काय दिलं होतं, ते उघडून पाहिलं.
दोघांच्याही गोळ्या पहिल्यापासून खऱ्याच होत्या.
मी विचारलं, मग याच्यापेक्षा भारी काही? डॉक्टर म्हणाले, सध्या तरी नाही. पहिल्यांदाच भीती वाटली.

३ सप्टेंबर
बन्सीचा फोन. त्याला अजून कोणी काही कळवलेलं नाही. धापा टाकत म्हणाला, अण्णा, खरी तुमच्याकडंच हाय न्हवं? मग मला घोर न्हाई.
आहे, म्हणालो.