आखूड दस्त्याची बंदूक

सर, आज तुमची बंदूक घेऊन मी अहमदपूरला शाळेत गेले होते आणि तिला तशीच परत नांदेडला घेऊन आले. एसटीत कंडक्टर दचकला. "मावशी, हे काय घेऊन राहिल्या?" म्हटलं, "कवायतीची हाय बाबा. हिच्यातून गोळी सुटत न्हाई. माझ्या तोंडातून मात्र आज लई सुटल्या." तो तिकीट देऊन पुढे सरकला. राग अजून उतरलेला नाही. तो उतरायच्या आत तुम्हाला सगळं सांगून टाकते.

शाळेत आता जुन्या वस्तूंची खोली करताहेत. तुमच्या माघारी काकूंनी बंदूक मला दिली हे संस्थेच्या अध्यक्षांना माहीत होतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी हौसेनं गेले. पोलिसातली नोकरी संपली, पण त्या शाळेचं नाव निघालं की अजून मान ताठ होते. बंदूक पारखायला लातूरहून एक जाणकार आणला होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं नळीत बॅटरी मारली. तोंडाशी बोटभर खळगा, पुढे भरीव लोखंड. "खरी बंदूक निकामी करून ही बनवलेली न्हाई," तो म्हणाला. "रंगरुटांना शिकवायला अशीच घडवलेली हाय. अशा आता फार कमी उरल्यात." लोखंडावरचा शिक्का, लाकडाचा रंग, स्क्रूच्या खाचा, सगळं त्यानं निरखून पाहिलं. तुम्ही फौजेतून येताना भंगाराच्या लिलावातून उचललेल्या वस्तूला कुणीतरी अस्सल म्हणत होतं आणि मी आतल्या आत फुगत होते. मग त्यानं दस्ता, खांद्याला टेकवायचा तो मागचा लाकडी भाग, हातात धरला. टोकाची लोखंडी पट्टी लाकडाच्या बाहेर आलेली, तिच्यावर कानशीचे ओरखडे. "अरारा! कुण्या अडाण्यानं कापून वाट लावली हो हिची. अर्धी किंमत गेली." अध्यक्षांनी लगेच तोडगा काढला. नवा दस्ता बसवायचा, चहाच्या पाण्यानं जुना दिसेल असा रंगवायचा आणि खाली पाटी लावायची, की शाळेचे विद्यार्थी हिच्यावर कवायत शिकले. मी म्हटलं, आणि विद्यार्थिनी? ते हसले. "ताई, त्या वेळी कुठं मुली कवायत करायच्या?"

तुमचं स्वयंपाकघर मला तिथंच दिसायला लागलं. तुम्ही उंबऱ्यावर बंदूक आडवी धरलीय, मी नळीवर बसलेय, काकू भाकरी थापताहेत आणि करवतीचा भुसा परातीकडे उडतोय. "अहो, पिठात लाकूड पडून राहिलं!" काकू ओरडतात. "खाऊ की एक दिवस," तुम्ही म्हणता. त्याच्या आदल्याच दिवशी मैदानावर मला बंदूक खांद्याला लावता आली नव्हती. दस्ता लांब, हात तोकडे. पोरं खिदळत होती. दस्ता कापल्याच्या दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी तुम्हाला सगळ्यांदेखत झापलं, चांगल्या वस्तूची नासाडी केली म्हणून. तुम्ही सावधानमध्ये उभे राहिलात आणि म्हणालात, "बंदूक पोरीला बसत न्हवती, सर. पोरगी वढून लांब करता येत न्हाई." पुढं पोरींची रांग मैदानावर उभी राहिली ती राहिलीच. मी पोलिसात भरती झाले ती त्या रांगेतून. आणि आता मी चहात रंगवलेलं लाकूड बघत गप्प बसायचं होय?

मी अध्यक्षांना सांगितलं, लावायची तर ही अशीच लावा आणि पाटीवर लिहा, की आमच्या मास्तरांनी पोरींसाठी दस्ता कापला. नाहीतर तुमची खोली तुम्हाला लखलाभ. त्या जाणकारालाही विचारलं, किंमत कमी झाली म्हणता, पण कुणासाठी? तो बिचारा खाली बघत म्हणाला, "बाई, मला एवढं ठाऊक न्हवतं." अध्यक्ष म्हणाले, विचार करून कळवतो. कळवा म्हटलं. तोवर ती माझ्या भिंतीवर राहील, आणि त्यांनी कळवलं नाही तरी माझ्यानंतर माझी नात तिला सांभाळेल. तिला मी सगळं सांगून ठेवलंय. अस्सल काय असतं ते कुणी मला शिकवू नये.

हे पत्र कुठं टाकणार, सर? घडी करून दस्त्याच्या पट्टीखाली सारीन, तिथं फट आहेच. फक्त एक गोष्ट आजवर कुणाला बोलले नाही, त्या जाणकारासमोर तर मुळीच नाही. तुम्ही जरा जास्तच कापलं होतं. दस्ता मला आखूड व्हायचा. कवायत करताना कोपर सारखं अवघडायचं. पण तुम्ही समोरून "आता बसली का गं?" असं इतकं खुश होऊन विचारलंत, की मी म्हटलं, हाव सर, बरोब्बर बसली.