चाळीस मिनिटांचं शहर

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज एका म्हातारीने भर बसमध्ये माझी लाज काढली!

शेवटच्या स्टँडवर उतरता उतरता विचारते, "बाई, इथून जुना पूल किती लांब? चालत जाता येईल?" म्हटलं, माहीत नाही. "बरं, संग्रहालय कुठल्या अंगाला?" तेही माहीत नाही. "अगं, तू तर रोज येतेस ना इथे?" मागचे सगळे हसले.

रोजच येते. सतरा वर्षं येते! कंडक्टर आहे मी ह्या मार्गावर. बाराला गाडी पोचते, बारा चाळीसला परत निघते. मधल्या चाळीस मिनिटांत कंट्रोलरची सही, डबा आणि बायकांच्या एकुलत्या एका संडासापुढची रांग. शहर कधी बघायचं मी? आमचे ड्रायव्हरदादा गाडी लावली की निघाले पाय मोकळे करायला. पुरुषांनाच पाय असतात!

५ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. येत्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, मी ते शहर बघायला जाणार. एकटी. पायी. प्रवास पासावर, डबा घरचा, पाणी घरचं. कुणाच्या बापाचं काही जात नाही.

हे म्हणाले, "एकटीने काय बघायचंय तिथे?" रोज पंचेचाळीस परकी माणसं घेऊन जाते, तेव्हा नाही विचारलं कधी. लेक मात्र हौसेने बसली आणि फोनमध्ये बघून कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढून दिला. स्टँड, पूल, संग्रहालय, घड्याळाचा मनोरा, बाजार, नदीकाठची बाग. बाणसुद्धा काढलेत. गुणाची पोर.

८ फेब्रुवारी, रविवार

शेजारीण म्हणे, गुडघे दुखतात म्हणतेस ना? — म्हणते. म्हणून काय!

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी पावणेदहा, पुलावर

साडेपाचची गाडी धरली, साडेआठला उतरले. प्रवासी म्हणून बसले होते, तर गाडीतला कंडक्टर म्हणतो, "बाई, जरा सरका." स्टाफला ओळख दाखवायची नाही असं ठरवलेलं दिसतं.

पूल छान आहे. खरंच छान. दगडी, मधोमध जरासा फुगलेला. खाली पाणी कमी, पण हिरवं. एक माणूस गळ टाकून बसलाय, मासा काही लागत नाहीये, आणि त्याचं त्याला काही वाटत नाहीये. मी अर्धा तास नुसती उभी होते. सतरा वर्षं हे इथे, स्टँडपासून अकरा मिनिटांवर! एवढा राग आला मला. पण पुलावर नाही आला.

साडेअकरा, संग्रहालयाच्या पायऱ्यांवर

बंद! "सोमवारी बंद." पहारेकऱ्याला विचारलं, ज्यांची सुट्टीच सोमवारी असते त्यांनी काय करायचं? म्हणाला, "मंगळवारी या." धन्य आहेस बाबा.

मनोऱ्याचंही तेच. वर जायचा जिना दुरुस्तीला काढलाय. घड्याळ सव्वाचारवर थांबलंय. रस्ता विचारला तर एकजात सगळे हात लांब करून म्हणतात, "सरळ जा." सरळ गेले की भिंत येते. बसायला बाक नाही. आणि बायकांसाठी सोय? अख्ख्या बाजारात नाही! तीन दुकानांत विचारलं. तिसरा म्हणतो, "हॉटेलात जा, चहा घ्या, मग ते जाऊ देतात." म्हणजे जायचं असेल तर आधी प्यायचं!

एक गृहस्थ वर विचारतात, "कोणाबरोबर आलात?" म्हटलं, स्वतःबरोबर.

तरी मजा येतेय. हे ह्यांना सांगायचं नाही.

संध्याकाळी सहा, घरी

 आधी हे लिहिते, मग स्वयंपाक.

संग्रहालयामागच्या गल्लीत एक चष्म्याचं दुकान दिसलं. सोय विचारायला आत गेले. काउंटरवर कुणी नव्हतं. मागे पडदा, आणि पडद्याआडून आवाज — "ट, ग, र, म, न."

दुसरा आवाज म्हणाला, "अहो, तक्त्याकडे बघून वाचा. पाठ काय म्हणताय?"

"पाठच करायचंय मला. खालच्या दोन ओळी तेवढ्या कागदावर मोठ्या लिहून द्या. तक्ता हाच असतो."

आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. अकरा वर्षं ऐकतेय. आमचे ड्रायव्हरदादा!

चष्मेवाला कंटाळून बोलत होता, "काका, गेल्या महिन्यातही हेच सांगितलं. चष्म्याने होण्यातलं हे नाही. डोळ्याच्या आतला पडदा गेलाय. मोठ्या दवाखान्यात जा. तुमचं काम काय असतं?"

"दुकान आहे छोटंसं," दादा म्हणाले.

दुकान!

पडदा सरकला. मी समोर, चार हातांवर. आणि दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "जरा वाट द्या हो, बाई." ओळखलंच नाही मला! मी "दादा" म्हटलं तेव्हा कुठे चेहरा उतरला.

गल्लीत त्यांना धरलं. म्हटलं, तुम्हाला दिसत नाही?

"दिसतं हो, ताई. मधलं जरा धुरकट होतं, कडेचं सगळं दिसतं."

"रस्ता मधे असतो, दादा!"

"रस्ता पाठ आहे मला. आणि डेपोतली डोळ्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. दोनच वर्षं राहिलीत. आत्ता उतरवलं तर शिपाई करतील. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाने साहेबांना चहा नेऊन द्यायचा?"

"आणि रस्त्यात मधे माणूस आला तर?"

तेव्हा ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तुम्ही सांगता ना, ताई."

तिकिटं संपली की मी पुढे त्यांच्या शेजारच्या आडव्या सीटवर बसते. ते विचारतात, "ती कोणाची गाडी हो?" "ती बाई थांबलीय की निघालीय?" "बैल कडेला आहे ना?" मी सांगते. मला वाटायचं, वेळ जावा म्हणून गप्पा मारतात बिचारे. गप्पा! ह्या माणसाने मला न विचारता माझे डोळे वापरले. आणि मी मूर्ख, घरी येऊन सांगायचे — आमचे दादा किती बोलके!

बाराला तेच गाडी घेऊन आले होते. आज माझ्या जागी बदली कंडक्टर, जो मागच्या सीटवर बसून मोबाइल बघतो. ते स्टँडकडे निघाले, मी मागोमाग, भर रस्त्यात भांडत. ऐकलं नाही. बारा पस्तीस. गाडी भरलेली. एक बाई मांडीवर तान्हं घेऊन बसलेली.

कंट्रोलरच्या खिडकीशी जायला हवं होतं. चार पावलांवर खिडकी. नाही गेले. का नाही गेले? सगळ्यांवर ओरडून आले आणि तिथे मान खाली घालून पुढे गेले.

गाडीत चढले. बाग राहिली, डबा पिशवीतच. आडव्या सीटवर बसले आणि तीन तास डोळ्याची पापणी न लववता रस्ता सांगत आले. "डावीकडून सायकल. पुढे ट्रॅक्टर. थांबा. थांबा म्हटलं ना!" दादांनी एकदा डोळे पुसले. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी चीड आली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गेले ड्यूटीवर. मी नाही गेले तर तो मोबाइलवाला जाईल. जाता-येता सगळा रस्ता बोलत होते. घसा बसलाय.

ह्यांना सांगितलं. "तुला काय करायचंय? कुणाच्या पोटावर पाय देऊ नकोस." त्या तान्ह्याच्या पोटाचं काय? ह्यावर हे पेपर उघडून बसले.

११ फेब्रुवारी, बुधवार

गाडी लागली आणि सरळ डेपो मॅनेजरच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. एका दमात सगळं सांगितलं. पडदा, तक्ता, पाठांतर.

साहेबांना धक्का बसला नाही. पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय?"

"दीड वर्ष झालं. चांगला माणूस आहे. तीस वर्षांत एक ओरखडा नाही गाडीला. आणि मला पर्यायी ड्रायव्हर आहेत कुठे? म्हणून तर तुम्हाला त्यांच्याबरोबर ठेवलंय. तुमचं लक्ष असतं."

तीन वेळा अर्ज केला होता मी! गुडघ्यासाठी, जवळच्या मार्गावर द्या म्हणून. तिन्ही वेळा "तूर्त शक्य नाही." हे कारण होतं! मला वाटायचं, माझा अर्ज कोणी वाचतच नाही.

म्हटलं, "आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी?"

साहेब फायली सारख्या करायला लागले. "लेखी देऊ नका, बाई. दिलंत तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल — अकरा वर्षं शेजारी बसून तुम्ही काय करत होतात?"

बाहेर आले तर दादा माझ्यासाठी चहा घेऊन उभे. मी घेतला नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नऊची गाडी. सगळ्या सीट भरलेल्या. दादांनी इंजिन चालू केलं. मी बेल मारली नाही. "ताई?" — नाही मारली. लोक ओरडायला लागले, बाईंना झालं काय, उशीर होतोय. दोरी हातात घट्ट धरून उभी राहिले. मग दादांनी इंजिन बंद केलं, दांडी चाचपत जागेवरून उठले, लोकांकडे वळले आणि शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "उतरा. मला दिसत नाही."