आत्या गाडीत बसली की बाराचं अ‍ॅव्हरेज

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या भिंगरीचा साष्टांग नमस्कार. (पत्रातला साष्टांग बरा, गुडघे लागत नाहीत.) वहिनींचा खोकला एव्हाना थांबला असेल आणि तुझा रक्तदाब हे पत्र वाचून संपेपर्यंत तरी ताब्यात राहील, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठणठणीत. तुझं पत्र मागच्या सोमवारी मिळालं. त्यात तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. एक, तू मला दिलेली पिकअप हल्ली अ‍ॅव्हरेज किती देते. दोन, येत्या रविवारी तू तुझ्या आईला, म्हणजे आमच्या आत्याला, घरी न्यायला येतोयस, तर तिचं सामान बांधून ठेवू का. पैकी पहिला प्रश्न फार महत्त्वाचा असल्यामुळे आधी त्याचं सविस्तर उत्तर देतो. दुसऱ्याकडे सवडीने वळू.

दादा, गाडी माझ्या हवाली करताना तू बॉनेटवर थाप मारून म्हणाला होतास, डोळे झाकून बाराचं अ‍ॅव्हरेज देते. कंपनीच्या कागदावर तर चौदा छापलंय. (ते चौदा बहुधा सपाट रस्त्यावर, रिकाम्या हौद्याने, ज्याला कुठेही पोचायचं नाही अशा माणसाने काढलेलं असावं.) मला पहिल्या महिन्यापासून लिटरला साडेआठ मिळत होतं. मी मनातल्या मनात तुला बरंच काही बोललो, ते आता मागे घेतो. तू त्या गाडीतून थर्माकोलचे खोके नेत होतास आणि मी माझ्या वर्कशॉपमधली लाकडी कपाटं नेतो, हा फरक माझ्या डोक्यात शिरायला दीड वर्ष लागलं. तोवर आकडा वाढवण्यासाठी मी स्वतःच्या अकलेने जे उद्योग केले ते तुला म्हणून लिहितो, पुढे कोणाला सांगू नकोस. निदान वहिनींना तरी.

एका गोड बोलणाऱ्या माणसाने मला शेंडी लावून डिझेलच्या नळीला बांधायची दोन लोहचुंबकं विकली. ती बांधली की डिझेलचे कण म्हणे एका रांगेत उभे राहतात. राहिले असतील, आकडा मात्र साडेआठच राहिला. मग टाकीत टाकायच्या गोळ्या आणल्या. त्यांनी गाडीला काही झालं नाही, फक्त रोज सकाळी कोणालातरी वेळेवर औषध दिल्याचं समाधान मला मिळालं. त्यानंतर कोणीतरी सांगितलं की हौद्याचा मागचा फाळका वारा अडवतो, तो काढून टाक, गाडी पळेल. काढला. गाडी पळाली, कपाट मागे राहिलं. (दोरी बांधायची तेवढी राहून गेली होती.) भाजीबाजाराच्या चढावर माझं तीन दारांचं कपाट हौद्यातून अलगद घसरलं आणि नशीब असं की रस्त्याच्या बरोबर मधोमध, आपल्या चारही पायांवर, उभं राहिलं. मला पत्ताच नाही. मी दोन चौक पुढे जाऊन, आज गाडी काय हलकी चालतेय, म्हणून स्वतःवर खूश. परत आलो तर वाहनं कपाटाच्या दोन्ही बाजूंनी शिस्तीत जात होती आणि एक म्हातारे गृहस्थ मधलं दार उघडून आतले कप्पे मोजत होते. मला पाहून त्यांनी एवढंच विचारलं की यात आरसा का बसवला नाही. ते कपाट पुढे त्यांनीच विकत नेलं, पण फाळका मी त्याच दुपारी परत लावला.

अशा वेळी आत्या आमच्याकडे आली. तिच्या मांडीचं हाड मोडल्याची हकिगत तुला माहीतच आहे. ऑपरेशन झालेलं, तुमचं तेव्हाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आमचं घर वर्कशॉपच्या मागे तळमजल्याला. दोन महिन्यांसाठी म्हणून तूच तिला सोडून गेलास. त्याला आता सात महिने झाले. (मी मोजत नव्हतो, तुझ्या पत्रात आकडा होता.) आठवड्यातून तीनदा तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं आणि घरात वाहन एकच. केबिनमध्ये चढायला तिला मी दोन पायऱ्यांची लाकडी घोडी करून दिली. ती पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसली तेव्हा मी नेहमीसारखाच निघालो. नेहमीसारखा म्हणजे, पहिल्याच गिअरमध्ये गाडीला बोंबलायला लावायचं, समोर लाल दिवा दिसला तरी शेवटपर्यंत पळवायचं आणि मग ब्रेकवर उभं राहायचं. दुसरं कोणी असतं तर किंचाळलं असतं. आत्या किंचाळली नाही. तिने पिशवीतून वही काढली आणि एक फुली मारली. पुढच्या सिग्नलला दुसरी. दवाखाना येईस्तोवर अठ्ठावीस फुल्या झाल्या होत्या. ही कसली नोंद म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "इतक्या वेळा तू डिझेल जाळून वेग घेतलास आणि इतक्या वेळा तो ब्रेकला घासून फेकून दिलास. माझं हाड दुखलं ते वेगळं, ते मी मोजलं नाही."

दादा, तू तिचा मुलगा, तुला याचं नवल नसेल. पण एकतीस वर्षं दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचलेली बाई मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिली. आमच्या पंक्चरवाल्यापासून पंपावरच्या बाईपर्यंत सगळे तिला टरकतात आणि तिची वाटही बघतात. माझी लोहचुंबकं पाहिल्यावर ती इतकी हसली की तिला कंबरेला हात लावून बसावं लागलं. नोकरीत तिने अशी पोतंभर चुंबकं लोकांच्या मीटरवरून काढली होती म्हणे. चुंबक लावल्याने आकडा कमी झालेला तिने पाहिला होता, पाणी कमी झालेलं कधीच नाही. मग तिने विचारलं, तुझं साडेआठ तू काढतोस कसं? मी म्हटलं, काट्यावरून, अंदाजाने. यावर ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली ती नजर मी शाळा सोडल्यापासून पाहिली नव्हती. त्या दिवसापासून एकच पंप, तिथलं एकच यंत्र, टाकी भरायची ती नळी पहिल्यांदा टक्क करून थांबेपर्यंत. पुढे एक थेंब नाही. पंपावरची बाई आधी सगळ्यांना वर आणखी दोन धारा सोडायची, आता आमची गाडी दिसली की हात मागे घेऊन उभी राहते.

पण आत्याचं खरं मोठेपण पुढे आहे. तिचं म्हणणं, तपासल्याशिवाय कुठल्याही मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. मग एका सकाळी तिने मला मोठ्या रस्त्याला लावलं, स्वतः खिडकीतून किलोमीटरचे दगड मोजत बसली. दगडांप्रमाणे पन्नास झाले तेव्हा गाडीच्या मीटरवर सत्तेचाळीस होते. कारण काय, तर मागच्या वर्षी गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मी मापापेक्षा मोठे टायर बसवून घेतले होते. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं, मीटर बिचारं जुन्याच चाकाच्या हिशोबाने मोजत बसतं. म्हणजे माझं साडेआठ मुळात नऊ होतं. मला तर पेढे वाटावेसे वाटले. आत्या म्हणाली, काही वाढलेलं नाही, फक्त खरं कळलंय, आणि ते जड टायर आधी बदल. बदलले. (रुबाब गेला. पण रुबाब माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आला नव्हता, हेही त्या निमित्ताने कळलं.)

त्यानंतर तिने माझी पद्धतशीर हजेरी घेतली. हौद्यातली अवजारांची पेटी रिकामी करायला लावली तर तिच्यातून मोडका जॅक, कडक झालेलं अर्धं पोतं सिमेंट, फरशीचे तुकडे आणि एक दगडी वरवंटा निघाला. तो वरवंटा कोणाचा ते आम्हाला अजून कळलेलं नाही. हे सगळं मी दीड वर्ष गावभर फिरवत होतो. कपाटं मी उभी नेत असे, ती तिने गाद्या घालून आडवी निजवली, कारण उभं कपाट म्हणजे वाऱ्याला आडवं धरलेलं दार. ताडपत्री फडफडली की गाडी थांबवून आवळायला लावते. चहाच्या टपरीवर गप्पा मारताना गाडी चालू ठेवायची माझी जुनी खोड तिने असल्या गमतीने मोडली की काय सांगू. मी परत येऊन बसलो की ती म्हणायची, "एवढ्या डिझेलात आपण नदीच्या पुलापर्यंत पोचलो असतो." मोठ्या रस्त्याला नव्वदने जाणारा मी आता पासष्टने जातो. क्लचवर उगाच पाय ठेवून बसत नाही. उतार आला की गाडी न्यूट्रलला सोडणंही बंद केलं. ते तर गॅरेजच्या मिस्त्रीने तिच्यासमोर मला सांगितलं की गिअरमध्ये असताना पाय काढला की आजकालची इंजिनं डिझेल घेतच नाहीत, उलट न्यूट्रलला सोडली की घेतात, आणि ब्रेकवर भार येतो तो वेगळाच. तो मिस्त्री कोणाचं ऐकून घेणारा नव्हे. आत्याने त्याला एअर फिल्टर शेवटचा कधी बदललास विचारलं, तेव्हा त्याने आधी हात पुसले आणि मग उत्तर दिलं.

मला वाटायचं हळू चालवणं म्हणजे मन मारणं. तसं नाही रे. दूरवरचा लाल दिवा बघून आधीच पाय उचलायचा आणि आपण पोचेपर्यंत तो हिरवा झालेला असायचा, यात जी गंमत आहे ती ओव्हरटेक करण्यात नाही. ज्या दिवशी वहीत पहिल्यांदा एकही फुली पडली नाही, त्या दिवशी आत्याने पान उलटून मला कोरं पान दाखवलं. मी मात्र दवाखान्याच्या दारात रुमाल काढून, धूळ गेली म्हणून, बराच वेळ डोळे पुसले. मागच्या महिन्याचा आकडा, भरल्या गाडीचा, चढउतारांसकट, बारा पूर्णांक एक आहे. तू म्हणाला होतास ते बारा. थर्माकोलशिवाय.

आता हे गेल्या आठवड्याचं ऐक. तुझं पत्र आल्यापासून आत्या सामान आवरायला लागली, त्यामुळे गाडीत बसली नाही. दवाखान्यातही मिस्त्रीच्या रिक्षाने गेली. एका आठवड्यात अ‍ॅव्हरेज बारावरून साडेनऊवर आलं. मी सगळं तिने शिकवल्याप्रमाणेच केलं, तरीही. यावरून काय सिद्ध होतं ते तुझ्यासारख्या सुज्ञाला सांगायला नको. मी फक्त आकडे कळवले.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा, आणि तुझ्या नव्या घराला लिफ्ट आहे हे वाचून (मनापासून) आनंद झाला.

तुझा धाकटा,
भिंगरी

ता. क. सामानाचं राहिलंच. दादा, आत्याला आणखी सहा महिने किंवा गाडीच्या पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत, यापैकी जे उशिरा येईल तोवर, इथे राहू दे. साडेनऊचं अ‍ॅव्हरेज मला खरंच परवडत नाही.

ता. क. पुन्हा एकदा. अ‍ॅव्हरेजचं सोड. माझी आई गेल्यापासून मला "हळू जा" असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. तिचं ऐकतो. ती गेली तर घर फार रिकामं होईल. ही ओळ तिला दाखवू नकोस.

ता. क. दादा, मी, ह्यांची बायको. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं. आकड्यांचं पत्र आत्यांना न दाखवता टाकणं मला बरं वाटलं नाही. पुढचं त्याच लिहिताहेत.

ता. क. चिरंजीवास आईचे आशीर्वाद. भिंगरीचे आकडे तपासले. बारा पूर्णांक एक बरोबर आहे. साडेनऊ खोटं आहे. काल सकाळी पिकअपचे चारही टायर मला बसलेले दिसले, म्हणून पंक्चरवाल्याकडून हवा मोजून घेतली. चाळीसच्या जागी प्रत्येकात बरोबर बावीस. हवा आपोआप जाते तेव्हा एखाद्या चाकातून जाते, चारही चाकांतून सारखी जात नाही. हौद्यात ताडपत्रीखाली वाळूची तीन पोती निघाली. एवढं करूनही आकडा पुरेसा पडेना, कारण सात महिन्यांत त्याचे हात आणि पाय दोन्ही सुधारलेत, तेव्हा हा गृहस्थ वर्कशॉपच्या मागे गाडी चालू ठेवून नुसता बसून राहिला. इथल्या सूनबाईने दोनदा पाहिलं. कमी हवेवर भरली गाडी चालवणं किती धोक्याचं, ते त्याला मी जेवण झाल्यावर सांगणार आहे. हवा भरून घेतली आहे.

एकतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले. कोणी चुंबक लावायचं, कोणी सुई घालायचं, कोणी मीटरच उलटं बसवायचं. सगळ्यांनी आकडा आपल्या सोयीचा करून घेतला. मला इथे ठेवून घेण्यासाठी स्वतःचा आकडा बिघडवून ठेवणारा हा पहिलाच भेटला. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्याकडे मला कशाची कमी नाही, फक्त काम नाही. तू मला मायेने बसवून ठेवतोस, आणि बसून राहणं मला जमत नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही, ती चूक माझी. बांधलेलं सामान मी आज सोडलंय. रविवारी सगळ्यांना घेऊन ये, पण मला न्यायला येऊ नकोस, भेटायला ये.