चार दिवसांचे कपडे

कासेल, जर्मनी
शनिवार

प्रिय अक्का,

हे पत्र मी कागदावर लिहिते आहे. लिहून झालं की त्याचे फोटो काढून भुजंगदादांच्या फोनवर पाठवीन. आधी तुम्हालाच वाचू द्या, असं दादांना वेगळं कळवलं आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चार महिने माझा एक फोन नाही आणि आता एकदम पत्र, म्हणून घाबरू नका. सृष्टी बरी आहे. आत्ता पलंगावर पालथी पडून रंगकाम करतेय. सगळी गाय हिरवी केलीय तिनं.

इथं दवाखान्यानं आम्हाला एक खोली दिली आहे. तिच्यातच शेगडी, तिच्यातच पलंग. खरं तर ती एकट्या नर्ससाठी असते. लेकरू सोबत आहे म्हटल्यावर त्यांनी एक जास्तीची गादी दिली, तेवढंच. पहिला पगार हातात येईपर्यंत तुम्ही बांधून दिलेल्या ज्वारीच्या पिठावर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निभावलं. माझ्या एकटीसाठी म्हणून दिलं होतंत, दोघींनी खाल्लं. परात नाही, म्हणून भाकरी ओट्यावरच थापते. इथल्या चर्चमध्ये जुने कपडे मिळतात. सृष्टीचा कोट, बूट, टोपी सगळं तिथलंच. कोटाच्या आत दुसऱ्याच कुठल्या लेकराचं नाव शिवलेलं आहे. माझी ड्यूटी सकाळी सहाची आणि बालवाडी उघडते सातला, म्हणून मधला एक तास वरच्या मजल्यावरची केरळची लिसी तिला सांभाळते. ती मल्याळम बोलते, ही मराठी. दोघींचं काहीतरी जमतं. पण बालवाडीत मात्र आपली सृष्टी एक अक्षर बोलत नाही. जर्मन येत नाही म्हणून बोलत नसेल, असं मी महिनाभर धरून चालले.

अक्का, हे गेल्यावर सगळे मला धीर द्यायला यायचे. तुम्ही धीर दिला नाही, लेकरू उचललंत. सृष्टी तेव्हा सात महिन्यांची होती. लोह्याजवळच्या ज्या अपघातात हे गेले, त्यानंतर मला दूध येणं बंद झालं, तर तुम्ही शेजारच्या गोठ्यातून गाईचं दूध आणून, पाणी घालून, वाटी-चमच्यानं पाजत बसायचात. तेराव्यानंतर तुम्हीच म्हणालात, ऋतुजा, तू नांदेडला जाऊन नोकरी धर, लेकराचं मी बघते. सासरच्या माणसांनी, त्यातही थोरल्या जावेनं, विधवा सुनेला असं म्हटलेलं मी दुसरीकडे ऐकलं नाही. तुमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. गावात ते कुणी ना कुणी काढायचंच. मी मात्र कधी काढलं नाही. मनात मात्र होतं. माझं लेकरू तुमच्या मांडीवर बघून बरंही वाटायचं आणि हेवाही वाटायचा.

पंधरा दिवसांनी एकदा मी नांदेडहून एसटीनं मुरुडला यायची. पाच तास येणं, पाच तास जाणं, मधे एक दिवस. त्यात ती मला विसरलेली असायची, मग ओळखायची, आणि ओळख झाली की माझी जायची वेळ व्हायची. बोलायला लागली तसं तुम्हाला माय म्हणू लागली आणि मला मम्मी. दोन नावं आहेत, दोघी आहोत, असं मी स्वतःला समजावलं. मग ताप आला की तिला माय लागायची. पडली की माय. एकदा मी तिला न्हाऊ घालायला घेतली तर साबण डोळ्यात गेला, आणि माझ्या हातातून निसटून ती ओल्या अंगानं अंगणभर तुम्हाला शोधत गेली. तुम्ही तिला पदरात घेतलंत आणि माझ्याकडे बघून हसलात. त्यात काही वावगं नव्हतं, हे मला आज कळतं.

तिच्या पासपोर्टसाठी कागद गोळा करताना मी अंगणवाडीत गेले होते. तिथल्या वहीत तिच्या आईचं नाव म्हणून तुमचं लिहिलं होतं, सिंधू भुजंग. तुम्ही तसं सांगितलंत की ताईंनी आपल्या मनानं लिहिलं, ते मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. त्याच संध्याकाळी दादांच्या चुलती नागाबाई ओसरीवर बसून म्हणाल्या, की ऋतुजा आता जर्मनीला जाईल, तिथंच दुसरं लग्न करील, पोरगी सिंधूलाच राहू द्या. तुम्ही शेंगा निवडत होतात. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या गप्प बसण्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला.

ठरलं होतं असं की मी एकटीनं पुढं यायचं आणि वर्षभरानं, जम बसल्यावर, सृष्टीला न्यायचं. तिचा पासपोर्ट पुढच्या वर्षासाठी म्हणूनच काढतेय, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. तिचा व्हिसा माझ्या व्हिसाबरोबरच आला होता. तिच्या तिकिटासाठी मी डोरलं मोडलं. आणि तुम्हाला म्हणाले, जायच्या आधी लेकराला माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला नेते, चार दिवसांनी दादांनी नांदेडला येऊन तिला घेऊन जावं. तुम्ही देवीसाठी खण-नारळ दिलात. तिचे दोन फ्रॉक, दोन चड्ड्या, एक लोकरीची टोपी पिशवीत घातलीत. मुरुडच्या स्टँडवर ती तुम्हाला हात हलवत होती आणि तुम्ही ओरडून सांगत होतात की देवीजवळ लई धावू नको, पायऱ्या हायत.

आम्ही माहूरला गेलोच नाही. देवीची ओटी मी नांदेडच्या घरमालकीण साखराबाईंकडे दिली. त्यांनी पुढं नेऊन भरली म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हैदराबादच्या गाडीत बसलो. मुदखेडला गाडी थांबली तेव्हा डब्यातली माणसं मुदखेड, मुदखेड म्हणत उतरू लागली. सृष्टीला ते मुरुड ऐकू आलं. तिनं आपली पिशवी उचलली आणि दाराकडे चालू लागली. मी तिला ओढून मांडीवर घेतलं. ती रडली नाही. खिडकीतून स्टेशन मागं जाताना बघत राहिली, आपण उतरायचं विसरलो असं तिला वाटलं असावं.

विमानतळावरून मी दादांना फोन केला. सगळं सांगितलं. मग फोन तुम्ही घेतलात. तुम्ही शिव्या द्याल, रडाल, लेकरू परत आण म्हणाल, यासाठी मी मनाची तयारी केली होती. तुम्ही म्हणालात, "चार दिवसांचेच कपडे दिलेत की गं मी. तिथं थंडी हाय म्हनत होतीस." बस, एवढंच. मग फोन ठेवलात. अक्का, तुमच्या रागाला मी उत्तर दिलं असतं.

पहिले पंधरा दिवस आपण व्हिडिओवर बोललो. तुम्ही दिसलात की ती फोनला तोंड लावायची, फोनच्या मागं जाऊन तुम्हाला शोधायची. बंद केला की तासभर रडायची आणि मला जवळ येऊ द्यायची नाही. मला वाटलं, हे असंच चाललं तर ती कधीच माझी होणार नाही. मग मी तुमचा आणि दादांचा नंबर बंद करून टाकला. दादांना तेवढा निरोप धाडला, की इथं नेट नीट चालत नाही, मीच करीन. ते खोटं होतं. इथं नेट चांगलं चालतं.

हळूहळू तिचं रडणं थांबलं. तुमचं नाव घेणंही थांबलं. मी म्हटलं, लेकरू रुळलं. गेल्या सोमवारी बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला बसवून घेतलं. चांगल्या आहेत, वयस्कर आहेत. त्यांनी अगदी हळू, मला समजेल अशा बेतानं विचारलं, की तुमच्या घरात अलीकडे कुणी वारलं आहे का. मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, हिच्यासारखी गप्प लेकरं मी पाहिली आहेत, कुणीतरी गेलेलं असतं.

घरी आल्यावर मी तिला जेवायला वाढलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "मम्मी, माय मेली का?"

आता जे लिहिते ते लिहायला मला पाच दिवस लागले. मी लगेच 'नाही' म्हणाले नाही. एक क्षण माझ्या मनात आलं, की हो म्हणावं. एकदाच रडेल आणि संपेल. मग तिला मी एकटीच उरेन. तुम्ही वाटी-चमच्यानं जगवलेलं लेकरू समोर बसलेलं, आणि मी तुम्हाला मारायला निघाले होते. ती उत्तराची वाट बघत होती. मी म्हणाले, नाही गं, माय मुरुडला आहे, चांगली आहे. तिनं विचारलं, मग ती बोलत का नाही? मी सांगितलं, मम्मीनं फोन बंद केला म्हणून. तिला किती कळलं माहीत नाही. तिनं ताट सरकवलं नाही, जेवली. पण तेव्हापासून रोज विचारते की खरंच आहे का. माझ्यावर तिचा विश्वास नाही अक्का, आणि ते बरोबरच आहे.

तुम्हा दोघांचे नंबर मी पुन्हा चालू केले आहेत. ऑगस्टमध्ये मला तीन आठवड्यांची सुट्टी आहे, तिला घेऊन मुरुडला येईन. तिथं आल्यावर ती परत निघायला नाही म्हणाली तर, ही भीती आहे. तरी आणीन. क्षमा मागत नाही, तेवढं तोंड नाही मला. हे पत्र एवढ्याचसाठी आधी पाठवतेय, की उद्या रविवारी, तुमच्याकडे दुपारचे चार वाजले की, सृष्टी तुम्हाला फोन करणार आहे. तुम्ही दिसलात की ती पहिल्यांदा हेच विचारील, की माय, तू मेलीस का. तुम्ही दचकू नका, रडू नका. माझं काय करायचं ते नंतर ठरवा. आधी तिला तुमच्या तोंडानं सांगा की तुम्ही आहात.

तुमचीच,
ऋतुजा