हिवाळ्याआधीची शाकारणी

१४ ऑक्टोबर २००६, वेस्ट विंडसर

माझं परतीचं तिकीट काढलं म्हणे. नऊ डिसेंबरचं! जेवताना विनय सहज बोलल्यासारखं बोलला — "बाबा, गराजवरची ही तुमची खोली हिवाळ्यात राहण्यासारखी नसते. थंडी झेपणार नाही तुम्हाला. सातारा बेस्ट." सूनबाई सुनेत्राने आमटीचं भांडं पुढे सरकवलं. मी भात कालवत राहिलो.

साताऱ्यात आहे काय? सरला गेल्यापासून त्या फ्लॅटमध्ये सकाळी एक कप चहा होतो आणि दिवसभर तोच एक कप विसळायचा. इथे निदान आन्या जिन्यावरून धडधडत येते, "आजोबा, स्टोरी!" म्हणून गळ्यात पडते.

मला राहायचंय. खोली थंड आहे ना? मग ती ऊबदार करतो. बस्स!

१५ ऑक्टोबर

वडील दर वैशाखात घर शाकारायचे. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली सारखी करायची. इथे पावसाऐवजी थंडी, एवढाच फरक. विनयला हार्डवेअरच्या दुकानात न्यायला लावलं. फटी बुजवायचं सीलंट, दाराला चिकटवायच्या फोमच्या पट्ट्या, खिडक्यांवर ताणायचं पातळ प्लास्टिक. "यार सुनेत्रा, समजाव ना यांना," फोनवर म्हणत होता. ती काय म्हणाली कोण जाणे, पण सामान गाडीत चढलं!

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. पणतीची ज्योत कुठे हलते ते बघत खोलीभर फिरलो — दोन नव्या फटी सापडल्या.

२९ ऑक्टोबर

प्लास्टिक लावलं. त्याला ड्रायरची ऊब दिली की तबल्याच्या पुडीसारखं ताणलं जातं. सुनेत्राकडे ड्रायर मागितला तर म्हणते, "बाबा, केस कुठेत तुम्हाला?" हसली. बऱ्याच दिवसांनी.

काम करताना चाल तोंडात आली. गुरुजी हेमंत ऋतूची कविता सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेत. तीत दहिवर होतं, शेकोटी होती, बर्फ नव्हता. माझा एक ऋतू बघायचा राहिलाय. खिडकीबाहेर बघून एक ओळ सुचली — झाडांनी अंगरखे उतरवले, आम्ही चढवले! पुढची सुचेना. बर्फ पडला की सुचेल.

५ नोव्हेंबर

एवढं करूनही खोली गारठलेलीच! स्वेटर, मफलर, माकडटोपी घालून खाली चहाला गेलो. आन्या — "आजोबा, यू लुक लाइक अ बर्रिटो!" विनयने टोपीकडे पाहिलं आणि चहा ओतला.

११ नोव्हेंबर

अरे देवा! सुनेत्रा व्हॅक्यूम करायला वर आली. पलंगाजवळची सतरंजी उचलली तर खाली पुठ्ठा, चारी बाजूंनी टेप मारलेला.

"बाबा, हे काय?"

"अगं, सप्टेंबरात जमिनीतल्या त्या जाळीतून पायांवर गार वारा यायचा. बंद केली."

ती मटकन पलंगावर बसली. "बाबा! उन्हाळ्यात तिथून एसी येतो. आता हीट येते!"

म्हणजे ऊब यायची वाट पुठ्ठ्याने अडवून मी खिडक्या शाकारत बसलो होतो! टेप ओढून काढला. भस्सकन गरम वारा आला, लेंगा फुगला. दोघंही डोळ्यांत पाणी येईतो हसलो.

१२ नोव्हेंबर

खोली इतकी छान तापलीय की मफलर घडी करून ठेवला. विनयला वर बोलावलं, दाखवलं. "आता तिकीट?"

"बघू, बाबा." आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

म्हणजे अडचण खोलीची नव्हती. माझी होती.

१८ नोव्हेंबर

एक गोऱ्या बाई आल्या, घरभर फिरल्या, फोटो काढले. माझ्या खोलीला "कोझी" म्हणाल्या.

त्या गेल्यावर विनय वर आला. शाळेत मार्क कमी पडले की बसायचा, तसा पलंगाच्या कडेला बसला. "बाबा, घर विकतोय. शुगर लँडला नोकरी मिळालीय, टेक्ससमध्ये. जानेवारीत जॉइन. पक्कं होत नव्हतं म्हणून सांगितलं नाही. खोकी, पॅकिंग, भर थंडीतलं मूव्हिंग... त्यात तुमचे हाल नकोत."

"तिथे बर्फ?"

"बर्फ नाही, बाबा. घाम!"

हसलो. पण त्या घरात मी आहे का, हे काही विचारवलं नाही.

१९ नोव्हेंबर

सुनेत्राने कॉम्प्युटरवर नव्या घराचे फोटो दाखवले. "ही तुमची खोली, बाबा. तळमजल्यावर." तिथल्या एजंटला विनयने सप्टेंबरात पहिल्याच फोनवर सांगितलं होतं म्हणे — बाकी घर कसंही चालेल, वडिलांना जिना नको. माझ्या तिकिटाच्या आधी!