बुधवारची खूण

काका, आज सकाळी तुमचं भिंग चिंचेनं घासलं. पितळेची मूठ पार काळी पडली होती, काच मात्र अजून चांगली आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आता मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आणि एवढ्या काळात हे भिंग मी कामासाठी एकदाही हातात धरलं नव्हतं. का धरलं नाही, तेच सांगायला बसले आहे. असं पुस्तकी लिहिलेलं पाहून तुम्ही म्हणाला असता, सरळ बोल ना, काहून मुरडून राहिली. पण भ्याले की माझी भाषा ताठ होते, हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि आज मी भ्यालेली आहे.

अकोल्याच्या भूकंपमापन यंत्रघरात रुजू झाले तो दिवस मला उभाच्या उभा दिसतो. वलगावहून बापासोबत अमरावती, तिथून एस.टी.नं अकोला, मावशीच्या घरी पेटी ठेवली आणि तशीच तुमच्यासमोर, माझ्या वरिष्ठांसमोर, येऊन उभी राहिले. आमच्या वस्तीतली पहिली सरकारी नोकरी, तीही मुलीला. नोकरी तात्पुरती होती, एका वर्षाची. काम पाहून पक्की होणार होती. नागपूरच्या साहेबांनी मुलाखतीतच सांगून ठेवलं होतं की बाई, दुसऱ्याची चूक लोक विसरतात, तुमची विसरणार नाहीत. ती दया होती की दम, ते मला आजवर कळलेलं नाही. मी दम समजले. आई तेव्हा लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची, आणि दर रविवारी मी घरी गेले की पाणी द्यायच्या आधी विचारायची, "पक्की झाली का वं?" पक्की झाली नसती तर मीही तिच्याशेजारी कापसाची ओटी बांधून उभी राहिले असते. वर्षभर माझ्या पोटात एवढी एकच गोष्ट होती.

तुम्ही मला चपला काढायला लावून तळघरात नेलं. खाली गारवा, रॉकेलचा वास, आणि जमिनीपासून वेगळ्या बांधलेल्या दगडी ओट्यावर ते यंत्र. एक जड लोलक, त्याला जोडलेली केसासारखी सुई, आणि सुईखाली संथ फिरणारा ड्रम. ड्रमवर काजळी धरलेला कागद. जमीन हलली की लोलक मागे राहतो आणि सुई काजळीत पांढरी रेघ ओढते, एवढंच तुम्ही सांगितलंत. मग म्हणालात की या सुईला सगळं कळतं: जिनिंगचा प्रेस सुरू झाला ते, मालगाडी गेली ते, रस्त्यावरून भरलेली बैलगाडी गेली ते, आणि आपण दोघं इथे उभे आहोत तेही. त्या गर्दीतून जमिनीचं आपलं काय ते वेगळं काढायचं, त्याचा आपल्याला पगार. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. त्या दुपारी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. काकूंनी चुलीजवळच पाट मांडला, पिठलं-भाकर वाढली, आणि माझं ताट माझ्या हातून ओढून घेऊन स्वतः घासलं. 

रोजचं काम तुम्ही अंगवळणी पाडलंत. सकाळी चिमणीच्या धुरावर नवा कागद काळा करायचा, नऊला जुना उतरवून नवा चढवायचा, रेडिओच्या ठोक्यांशी घड्याळ ताडून पाहायचं, किती सेकंद मागे-पुढे ते लिहायचं. मग यंत्राचं माप घ्यायचं: दोऱ्याला बांधलेलं ज्वारीच्या दाण्याएवढं वजन लोलकावरून उचलायचं आणि सुई किती उडाली ते मोजायचं. तेवढीच उडाली तर यंत्र शुद्धीवर आहे. उतरवलेला कागद स्पिरिटमधल्या लाखेत बुडवून वाळवायचा, टेबलावर पसरायचा, आणि तासातासाची रेघ वाचायची. खरा धक्का सापडला तर त्याच दिवशी नागपूरला तार. रजिस्टर शाईनं लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही, एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहून सही करायची.

आणि तुमच्या त्या चिठ्ठ्या. आठवड्यातून केव्हातरी, मला न सांगता, तुम्ही खाली जाऊन ते वजन एकदा, कधी लागोपाठ दोनदा उचलायचात, म्हणजे कागदावर खऱ्या भूकंपासारखे दोन टप्पे उमटावेत. वेळ चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करून खणात ठेवायचात. दुसऱ्या दिवशी मी कागद वाचून आधी माझं सांगायचं, मग तुम्ही पाकीट उघडणार. कधी पाकिटात लिहिलेलं असायचं, काही दिलं नाही. पहिल्याच वेळी मी तिथे फसले. पाकीट आहे म्हणजे काहीतरी असणारच म्हणून मालगाडीच्या खरखरीतून मी एक धक्का शोधून काढला, त्याची वेळ सांगितली, मिनिट-सेकंदासकट. तुम्ही चिठ्ठी माझ्यापुढे ठेवलीत. आवाज चढवला नाहीत, पण चेहरा कडक केलात.

"दिसलं पायजे म्हणून पाहू नको, पोरी. जे दिसते ते सांग. दिसत नसंल त नाई म्हण, अन् खात्री नसंल त खात्री नाई म्हण. त्याले लाज नाई लागत."

लागते हो काका, लाज. ज्याची नोकरी पक्की असते त्याला लागत नाही. त्या रात्री मावशीकडे मला झोप लागली नाही. साहेब तुम्हाला माझ्याबद्दल विचारणार, आणि तुम्ही खोटं बोलणाऱ्यातले नव्हतात.

आता पहिली गोष्ट सांगते. कागद काळा करायला मी सकाळी तुमच्या अर्धा तास आधी यायची. खणाचं कुलूप नावालाच होतं. पाकिटाचा डिंक घरच्या खळीसारखा, चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरला की सुटायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा घाईत चिठ्ठीवर चहाचा थेंब पडला, आणि तो डाग दिसेल या धास्तीनं तुम्ही पाकीट उघडेपर्यंत मी तुमच्या हातांकडेच पाहत होते. तुम्ही काही म्हणाला नाहीत. मग मी दर वेळी उघडत गेले. मी हुशारीही करायची, दोन-तीन सेकंद मुद्दाम चुकीचे सांगायची. एकदा तर म्हटलं, काका, आज मला काही दिसत नाही, आणि तुम्ही खूश होऊन खिशातले फुटाणे माझ्या हातावर ठेवलेत. पाच-सहा महिन्यांनी तुम्ही हे भिंग आणलंत. तुमच्या गुरूंनी तुम्हाला दिलेलं. म्हणालात, तुही नजर याच्या लायकीची झाली. मी वाकून नमस्कार केला. वर पाहायची हिंमत होईना.

मग तो बुधवार. तुम्हाला दोन दिवस ताप होता, काकू नको म्हणत असताना तुम्ही आलात. दुपारी दोनच्या सुमाराला भिंत धरून तळघरात उतरलात, बराच वेळ वर आला नाहीत. मी वर टेबलाशी बसून होते. आलात तेव्हा चेहऱ्यावर घाम होता आणि डोळ्यांत काहीतरी वेगळंच होतं, मी ते तापाचं धरलं. काही न बोलता घरी गेलात. संध्याकाळी तुम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं.

गुरुवारी सकाळी मी खण उघडला. पाकीट नव्हतं. पुन्हा पाहिलं, खण बाहेर काढून उलटा केला. नव्हतंच. नऊला कागद उतरवला, लाखेत बुडवला, आणि ओला असतानाच मला ती दिसली: दुपारी दोननंतर आधी तुमच्या पावलांची बारीक थरथर, आणि थोड्या वेळानं दोन टप्प्यांची खूण. अगदी लहान. काका, मी कुणाला काय सांगू, मला वाचताच येत नव्हतं. इतके महिने मी उत्तर पाहून गणित करत आले होते. खरा धक्का असेल तर तार करायला हवी, आणि तुम्ही दिलेला असेल तर नागपूरला माझं हसं होईल. सोमवारी साहेब तपासणीला येणार होते, माझ्या नोकरीचा कागद घेऊनच. मी स्वतःला समजावलं की तुम्ही खाली होतात म्हणजे तुम्हीच वजन उचललंत, तापात चिठ्ठी राहिली. रजिस्टरमध्ये शाईनं लिहिलं, मापाचा धक्का. खाली सही केली.

दुपारी दवाखान्यात आले. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, काकू पायथ्याशी. तुम्ही विचारलंत, कालचं पाहिलं का. मी हो म्हटलं. काय वाटलं, विचारलंत.  तुमच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिथे सगळं लिहिलेलं होतं, तुम्हाला लपवता कुठे यायचं. तुमचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा झाला होता. मी चिठ्ठी वाचावी तसा तो वाचला आणि म्हटलं, खरा आहे.

तुम्ही काकूंकडे वळलात. "पाह्य, मी वजनाले हातई नाई लावला. माह्या डोळ्यापुढं सुई आपोआप उठली. म्हटलं, सांगत नाई, पोरगी धरते का पाहू. धरला तिनं. बिनाचिठ्ठीचा धरला." आणि मग माझ्याकडे पाहून, "तार गेली?"

"गेली," मी म्हटलं.

बिनाचिठ्ठीचा, असं का म्हणालात तुम्ही? सहज म्हणालात, की तुम्हाला डिंकाचं माहीत होतं? चोराच्या मनात चांदणं, मान्य आहे. पण अडतीस वर्षं मी या एका शब्दाला भीत आले. कुणी मला शाबासकी दिली की तो कानात येतो. मी स्वतः केंद्राची प्रमुख झाले तरी हाताखालच्या पोरांना पाकिटं दिली नाहीत. ती उघडतील याची भीती नव्हती. उघडलेलं मला ओळखू येईल, याची होती.

दवाखान्यातून मी धावतच तारघरात गेले. अजून दिवस मावळला नव्हता, खोटं खरं करता आलं असतं. अर्ज घेतला, केंद्राचं नाव लिहिलं, वार लिहिला. मग वेळ लिहायला पेन थांबला, कारण मी ती मोजलीच नव्हती. परत जाऊन मोजायची, रजिस्टरमधल्या ओळीवर आडवी रेघ मारायची, सही करायची, एवढंच काम होतं, आणि ते कसं करायचं तेही तुम्हीच शिकवलेलं. पण माझ्या रजिस्टरमध्ये तोवर एकही आडवी रेघ नव्हती. सोमवारी साहेबांचं बोट पहिलं तिथेच थांबलं असतं. मागे रांगेतला माणूस म्हणाला, बाई, लिहा नाहीतर सरका. मी सरकले. अर्ज घडी करून पिशवीत टाकला आणि मावशीकडे गेले.

शनिवारी सकाळी तुम्ही गेलात. सोमवारी साहेबांनी रजिस्टर पहिल्या पानापासून चाळलं, आणि म्हणाले, स्वच्छ काम आहे. नोकरी पक्की झाली. पुढच्या रविवारी आईला सांगितलं तेव्हा ती दारातच बसली आणि पदर तोंडात धरून रडली. मला तिच्यासोबत रडताही आलं नाही.

तुमच्या तेरवीला हिवरखेडहून तुमचे धाकटे भाऊ आले होते. पंगत उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, दादा गेला त्याच आठवड्यात, बुधवारी दुपारी, घरातली उतरंड हलली, वरचं मडकं पडून फुटलं, भिंतीची माती झडली. डोंगराकडची माणसं घाबरून आहेत. दादाला विचारायचं होतं, दादाजवळ यंत्र होतं. मी म्हटलं, कुणाच्या विहिरीचा सुरुंग असेल. ते बरं म्हणाले. शिकलेल्या बाईचं ऐकलं त्यांनी, निश्चिंत होऊन गावी गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं सकाळी कागद उतरवला की मी आधी मोठी खूण शोधायची. त्या डोंगरातून मोठा धक्का येणार, मडक्यांऐवजी माणसं चेंगरणार, आणि कुणीतरी विचारणार की पहिल्या खुणेला काय म्हणून नोंदलं. आला नाही. नशीब त्या गावांचं, माझं कर्तृत्व नाही.

निवृत्तीच्या आधी जुने कागद रद्दीत काढायचा हुकूम आला. मी गठ्ठे उलथून तो एक कागद शोधला आणि घरी आणला. तोही सरकारी मालच, म्हणजे ही आणखी एक चोरी. दोन वर्षं तो कपाटात होता. आज भिंग घासलं, कागद टेबलावर पसरला, आणि पहिल्यांदा स्वतः वाचला. दुपारभर लागली. डोळ्यांना पाणी येत होतं, त्यातलं वयाचं किती ते सोडा.

तर काका, आधी माझं सांगते, नियमाप्रमाणे. बुधवार. तुम्ही जिन्यानं उतरलात त्याची थरथर दोन वाजून नऊ मिनिटांना. पहिला टप्पा दोन वाजून सतरा मिनिटं बावीस सेकंदांना. घड्याळ त्या दिवशी चार सेकंद मागे होतं, कागदाच्या कडेला तसं लिहिलेलं आहे, ते धरलं आहे. दुसरा टप्पा त्यानंतर अकरा सेकंदांनी. म्हणजे दोन टप्प्यांमधल्या सेकंदांच्या हिशेबानं अकोल्यापासून पन्नास-पंचावन्न मैल, हिवरखेडच्या मागचा सातपुडा. धक्का खरा होता. तार गेली नाही.

त्या अकरा सेकंदांचं मात्र, काका, दहाही असतील. लाखेचा एक थेंब बरोबर तिथंच वाळला आहे. तीनदा मोजलं, मले खात्री नाई.