आत्याच्या राहिलेल्या ओव्या

रिंगास्किडी, आयर्लंड, रविवार, सायंकाळ

मराठी मंडळाच्या वारसा-संवर्धन समितीचे अध्यक्षपद अस्मादिक भूषवितात. गणेशोत्सवात आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणणार होती. तिच्या आईच्या, कुठेही न लिहिलेल्या. "मी म्हणू काय रे आता?" तिने मंचाखालून दोनदा विचारले.

"आत्या, थांब जरा, प्रास्ताविक चाललंय!"

सभागृहाची वेळ माझ्या प्रास्ताविकातच संपली. रविवारी घरी ध्वनिमुद्रण करू, असे आश्वासन दिले. परवा तिला पक्षाघात झाला, वाचा गेली. आज तोच रविवार. का थांबवले तिला?

रुग्णालयातून परतताना कन्येने विचारले, "बाबा, डिड यू रेकॉर्ड एनी ऑफ इट?"

ध्वनिमुद्रण-यंत्रावर उत्सवातले एवढेच आहे: वारसा जपण्याच्या निकडीवरील माझे संपूर्ण भाषण, आणि त्यात दोनदा, अस्पष्ट, "मी म्हणू काय रे आता?"